कराड ते अलिबाग : भूभौतिकीच्या विद्यार्थ्यांबरोबर पाच दिवस

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचे अठरा विद्यार्थी, एक सहकारी प्राध्यापक, आमच्या प्रयोगशाळेचे सहायक आणि मी असे एकवीस जण पुण्याहून निघालो. कराड, कोयनानगर, पाटण तालुक्यातील एक वाडी आणि शेवटी अलिबाग असा मार्ग ठरला होता. विद्यापीठाच्या मंजुऱ्या, विमा आणि पालकांची संमतिपत्रे यांत सगळा डिसेंबर गेला, पण त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

निघण्यापूर्वी प्रत्येकाला एक फील्डबुक दिले आणि एकच नियम सांगितला. नोंद पेनाने करायची; प्रत्येक पानावर तारीख, वेळ, जागा, हवामान आणि नोंद करणाऱ्याचे नाव लिहायचे; चुकलेला आकडा खोडरबराने किंवा गिरवून नाहीसा करायचा नाही, तर तो वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारून शेजारी कारण लिहायचे. आमच्या विषयात जे शोधायचे ते डोळ्यांना दिसत नाही, फक्त मापनातून कळते. त्यामुळे मापनाची नोंद हाच आमचा एकमेव पुरावा असतो, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. पण ते पटते मात्र शेतात किंवा डोंगरावर उभे राहिल्यावरच.

पहिला दिवस : कराड

दुपारी कराडला पोहोचलो. गावाबाहेर हजारमाची येथे केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी आहे. कोयना-वारणा पट्ट्यातील भूकंपांचा अभ्यास जमिनीवरून करून भागत नाही, जिथे ते घडतात त्याच्या शक्य तितके जवळ जायला हवे, या विचारातून येथील खोल खणनाचा प्रकल्प उभा राहिला. आधी सुमारे दीड किलोमीटर खोलीची नऊ छिद्रे घेण्यात आली आणि २०१७ मध्ये गोठणे येथील तीन किलोमीटर खोलीचे छिद्र पूर्ण झाले.

या छिद्रांतून काढलेले खडकाचे दंडगोल, ज्यांना आम्ही सगळे ‘कोअर’ म्हणतो, लांब पेट्यांत खोलीनुसार क्रमाने मांडून ठेवलेले आहेत. मुलांनी आजवर बेसॉल्ट पाहिला होता तो सह्याद्रीच्या कड्यांवर किंवा घाटातल्या कापांत, म्हणजे वरून आणि बाजूने. येथे मात्र त्याच्या तळाशी काय आहे ते पाहायला मिळते. काळसर खडक, मधूनच झिओलाइटचे पांढरे ठिपके, एका लाव्हाप्रवाहाच्या माथ्यावरची तांबूस माती, पुन्हा काळा खडक, असे शेकडो मीटर चालते आणि मग एकाएकी फिकट करड्या-गुलाबी पट्ट्यांचा ग्रॅनाइटी खडक सुरू होतो. रासाटीच्या छिद्रात हा बदल सुमारे ९३२ मीटरवर आहे. वरचा बेसॉल्ट सहा कोटी साठ लाख वर्षांच्या आसपासचा, तर खालचा खडक अडीच अब्ज वर्षांहून जुना. दोहोंच्या मध्ये, किल्लारीला १९९३च्या भूकंपानंतर घेतलेल्या छिद्रात जसा आठेक मीटर गाळाचा थर मिळाला, तसा येथे मिळालेला नाही.

एका विद्यार्थिनीने बेसॉल्टच्या एका तुकड्यावर अंगठा आणि ग्रॅनाइटी तुकड्यावर करंगळी ठेवली आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिने विचारले, “मॅडम, वरून मोजून हा ९३२ आकडा आपल्याला काढता आला असता का?” या प्रश्नासाठीच मी मुलांना येथे आणते. गुरुत्वाकर्षण, भूविद्युत, भूकंपलहरी अशा सर्व पद्धतींनी बेसॉल्टच्या जाडीचा अंदाज करता येतो आणि तो उपयोगीही असतो. पण त्या अंदाजाला वर-खाली किती मोकळीक आहे हे सांगितल्याशिवाय तो पुरा होत नाही. खणल्यावर मात्र मोकळीक उरत नाही. दुसऱ्या एकाने विचारले की तीन किलोमीटर खणल्यावर भूकंप आधी कळेल का. तशी हमी कोणी देत नाही. खडकावरील ताण, त्याचे तापमान, त्याच्या भेगांतील पाण्याचा दाब हे सारे भूकंपाच्या जागेजवळ मोजता यावे हा यामागचा हेतू आहे, असे तिथल्या शास्त्रज्ञांनी त्याला शांतपणे समजावून सांगितले.

संध्याकाळी कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर गेलो. घाटावर गरम भुईमुगाच्या शेंगा मिळाल्या. नदीवर वारा बोचरा होता.

अशी भेट ठरवणाऱ्या शिक्षकांसाठी सांगते : प्रयोगशाळेला किमान महिनाभर आधी विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र पाठवावे आणि वीसपेक्षा मोठा गट नेऊ नये, कारण पेट्यांच्या रांगांमध्ये उभे राहायला जागा बेताची असते. हातात भिंग हवे.

दुसरा दिवस : कोयनानगर

सकाळी लवकर निघालो तरी पाटणच्या पुढे धुक्यामुळे बस सावकाश चालली. कोयनानगरला उतरलो तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि धरण कुठे आहे हेसुद्धा दिसत नव्हते. नेहरू उद्यानात उभे राहून आम्ही वाट पाहिली. दहाच्या सुमारास धुके खालून फाटत गेले, आधी नदीचे पात्र, मग सांडवा, मग सगळी भिंत दिसली : १०३ मीटर उंच आणि आठशे मीटरहून थोडी अधिक लांब.

येथे १९६२ पासून पाणी साठू लागले आणि त्यानंतर लवकरच परिसरात लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे गेली, कोयनानगरातली बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. धरणाच्या आतील मार्गिकेत बसवलेल्या यंत्राने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट इतके त्वरण नोंदवले, आणि जगभरचे धरण-अभियंते ती नोंद पुढे अनेक वर्षे अभ्यासत राहिले. भिंतीचा उतार ज्या उंचीवर एकदम बदलतो तिथे, म्हणजे पायापासून सुमारे ६६ मीटरवर, आडव्या भेगा पडल्या. पुढे मागच्या बाजूने भक्कम टेकू देऊन भिंत मजबूत करण्यात आली. उद्यानातून पाहताना हा बदल मुलांना बोटाने दाखवता येतो. पुस्तकातल्या आकृतीतील तिरपी रेघ म्हणजे प्रत्यक्षात काय, हे त्या क्षणी कळते.

येथे आल्यावर एक गैरसमज दूर करावा लागतो. पाण्याच्या वजनाने जमीन फुटली आणि भूकंप झाला, इतके ते सोपे नाही. येथील खडकात आधीपासूनच ताण साचलेला होता आणि प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून सरकतो त्या खोल भेगा, सरकण्याच्या बेतात होते. जलाशयाने दोन गोष्टी केल्या : भार टाकला आणि भेगांमध्ये पाणी शिरवून त्यांतला दाब वाढवला. दाब वाढला की प्रस्तरभंगाच्या दोन बाजूंना एकमेकींशी घट्ट धरून ठेवणारी पकड सैल होते. म्हणून याला आम्ही ‘प्रेरित’ भूकंप म्हणतो. ताण जलाशयाचा नव्हे, निमित्त जलाशयाचे. पावसाळ्यात येथे पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जलाशय भरतो, मग वर्षभर उतरत जातो, आणि या चढ-उताराशी भूकंपांची संख्याही हलते. दक्षिणेला वारणेवर १९८५ पासून पाणी साठू लागल्यावर धक्क्यांचा पट्टा तिकडे सरकला. सुमारे २० बाय ३० किलोमीटरच्या या एवढ्याशा क्षेत्रात १९६७ पासून पाचहून अधिक मॅग्निट्यूडचे वीसहून जास्त भूकंप झाले आहेत. इतकी वर्षे, इतक्या छोट्या जागेत, एकाच कारणाने चाललेली भूकंपांची मालिका जगात दुसरीकडे सापडणे कठीण आहे. आपल्या राज्यातली ही जागा आपल्या विद्यार्थ्यांनी पदवी घेण्याआधी एकदा तरी पाहिलीच पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

धरणाच्या आवारात छायाचित्रणाला बंदी आहे आणि आत जाण्यासाठी जलसंपदा विभागाची लेखी परवानगी लागते. केवळ पाहायचे असेल तर उद्यान पुरेसे आहे. मात्र जानेवारीत दहाच्या आत जाऊन उपयोग नाही.

तिसरा दिवस : वाडी

प्रवासातला सर्वात मोठा दिवस हाच. पाटण तालुक्यातील एका वाडीत आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या मामांचे शेत आहे. त्यांची तीस फूट खोल विहीर फेब्रुवारीत तळ गाठते. विहीर आणखी खोल करावी की तीनशे फुटांचा बोअर घ्यावा, हा त्यांचा प्रश्न. पाणाड्याने नारळ फिरवून बांधाच्या कोपऱ्यातली जागा दाखवली होती. आम्हाला विद्युत रोधकता, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते, मोजण्याचा सराव हवा होता, त्यांना उत्तर हवे होते.

पद्धत दिसायला साधी आहे. जमिनीत चार लोखंडी खुंट्या एका ओळीत ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीजप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन खुंट्यांमधील विभवांतर मोजायचे. बाहेरच्या खुंट्या जसजशा दूर न्याव्या तसतसा प्रवाह अधिक खोलवरून जातो. ओलसर, भेगाळ खडक प्रवाहाला सहज वाट देतो, तर अखंड काळा पाषाण देत नाही. भातकापणी होऊन गेलेल्या त्या खाचरात वरची माती इतकी कडक झाली होती की खुंटी ठोकल्यावर तिच्याभोवती केसाएवढी फट राहत होती आणि यंत्राचा काटा काही केल्या स्थिर होईना. मामींनी घरातून खडे मीठ आणि कळशीभर पाणी आणले. खुंटीच्या बुडाशी मिठाचे पाणी ओतले, माती बुडबुडे सोडत ते प्याली, मग पायाने दाबून घेतली, आणि आकडा लगेच स्थिरावला. पुढे प्रत्येक खुंटीबरोबर एक जण कळशी घेऊन चालत होता.

पहिले दहा-बारा आकडे अपेक्षेप्रमाणे आले. खुंट्या मध्यापासून चाळीस मीटरवर गेल्या आणि आकडा एकदम खाली आला. पन्नासवर आणखी खाली. मोजणी करणाऱ्या मुलाला वाटले की आपले काही चुकले. त्याने तीनदा मोजले, तिन्ही वेळा तेच. वहीत लिहिताना त्याचा हात घुटमळला. एवढ्यात बांधावर बसून हे सगळे पाहणारे मामा म्हणाले, “तितनं नळाची लोखंडी लाईन गेलीय की. सरपंचांनी टाकली, चार वर्सं झाली.” आमच्या ओळीला जवळजवळ समांतर, हातभर खोलीवर लोखंडी नळ होता आणि प्रवाह त्यातूनच धावत होता. यंत्र आणि आकडा दोन्ही बरोबर होते, पण ते खडकाविषयी नव्हे तर नळाविषयी सांगत होते. त्या मुलाने तिन्ही आकड्यांवर एकेक रेघ मारली आणि समोर लिहिले : “लोखंडी नळ, ओळीला समांतर. शेतकऱ्याने सांगितले.” मोजणीआधी जमिनीच्या मालकाशी अर्धा तास बोलावे, त्याच्या नळाच्या, तारांच्या, बुजवलेल्या विहिरींच्या जागा विचारून घ्याव्यात, ही माझ्याकडून राहून गेलेली गोष्ट होती आणि तिने आमचा दीड तास घेतला. ओळ काटकोनात वळवून सगळे पुन्हा मोजले.

दुपारी जेवण घरात होते : तांदळाची भाकरी, घेवड्याची आमटी, खर्डा, आणि वर घरचे ताक. मामांच्या आई सत्तरीच्या अलीकडच्या. मुली त्यांच्याभोवती बसल्या आणि १९६७ विषयी विचारू लागल्या. त्या वेळी त्या नऊ-दहा वर्षांच्या होत्या. “भांड्यांची उतरंड पडली ती आधी ऐकली मी,” त्या म्हणाल्या. “मग आईनं केसाला धरून भाईर वढलं. त्याच्यापुढं दोन महिनं आमी खळ्यावर निजलो. घरात कुनी जाईना.” अजूनही लहान धक्के येतात का, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की येतात, पण आता कोणी उठत नाही, आधी जमिनीतून ‘गडगड’ होते आणि मग पत्रे वाजतात.

माझ्या सहकाऱ्यांनी विचारले, “गडगड आणि पत्रे वाजणे यांच्यात किती वेळ जातो, आजी?” त्यांनी डोळे मिटले, हाताने मांडीवर एक थाप मारली, थांबल्या आणि दुसरी मारली. मुलांनी घड्याळात पाहिले : एक सेकंदाहून थोडे अधिक. आधी पोहोचणाऱ्या प्राथमिक लहरी आणि मागून येणाऱ्या दुय्यम लहरी यांच्यातील प्रत्येक सेकंदाच्या अंतराला उगमापर्यंतचे साधारण आठ किलोमीटर धरता येतात. म्हणजे आजींच्या दोन थापांमधून आठ-दहा किलोमीटर निघाले, आणि कोयनेचे बहुतेक भूकंप दहा किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर होतात. यंत्राची जागा ही थाप घेत नाही, पण पन्नासहून अधिक वर्षे एकाच जागी राहिलेल्या निरीक्षकाची ती साक्ष आहे, म्हणून मी ती सर्वांना वहीत लिहायला लावली.

ओटीवर बसूनच आलेख काढला. मामांनी विचारले, “मॅडम, पाणी हाय का न्हाय, येवढंच सांगा.” वर्गात जे समीकरणांनी शिकवते तेच मला येथे शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे होते. एकाच वक्राला दोन वेगळ्या रचना जुळत होत्या : एकीत भेगाळ थर साधारण नऊ ते सोळा मीटर, दुसरीत नऊ ते बावीस. केवळ या मापनावरून त्यांतली एक निवडता येत नव्हती. दोन्हींत त्याखाली अखंड कठीण खडक होता आणि आमची मोजणी जिथवर पोहोचते तिथवर तो संपत नव्हता. तेव्हा मी त्यांना म्हटले की तुमच्या विहिरीच्या तळाशी मांजऱ्या, म्हणजे हा भेगाळ थर, आत्ता कुठे सुरू झाला आहे; तो आणखी वीस फूट तरी असावा, चाळीसही असू शकेल, नक्की आकडा मी देऊ शकत नाही. त्याखाली काळा पाषाण आहे, म्हणून तीनशे फुटांच्या बोअरवर पैसे घालण्याआधी विहीर खोल करून पाहा. पाणाड्याने दाखवलेल्या कोपऱ्यातही आम्ही मोजले आणि तिथे खडक सात मीटरवरच कठीण होता, हेही सांगितले. मामा बराच वेळ आलेखाकडे पाहत होते. “म्हंजे ईस ते चाळीस,” ते म्हणाले. मला त्या उत्तराचे समाधान वाटले, कारण त्यांनी मोकळीक सोडून न देता आकड्यासकट ती लक्षात ठेवली होती.

चौथा दिवस : कुंभार्ली घाट आणि कोकण

दिवस प्रवासाचाच होता. कुंभार्ली घाटात लाव्हाप्रवाहांच्या पायऱ्या मोजण्यासाठी एकदाच थांबलो. कोयनेचे पाणी निसर्गाने पूर्वेला कृष्णेकडे पाठवले होते. वीजनिर्मितीसाठी ते बोगद्यांतून पश्चिमेला सोडले जाते आणि पोफळीच्या बाजूने वाशिष्ठीला मिळते. घाटाच्या वळणावर दोन्ही बाजू जवळजवळ एकाच वेळी नजरेत येतात. पुढे महामार्गावर बसचा पट्टा तुटला आणि तीन तास गेले. ज्यांनी बस दिली त्यांच्याकडे दुसरा पट्टा नव्हता. लांबच्या क्षेत्रभेटीसाठी बस ठरवताना सुटे भाग सोबत आहेत का ते आवर्जून विचारावे.

अलिबागला रात्री पोहोचलो. एका विद्यार्थ्याच्या आत्याच्या वाडीत आमच्यासाठी पोपटी लावलेली होती. भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी मडक्यात दडपून, मडके उपडे ठेवून भोवती जाळ केलेला. मडके फोडल्यावर पाल्याचा जो वास आला त्याने दिवसभराचा शीण गेला.

पाचवा दिवस : अलिबागची वेधशाळा

भूचुंबकीय वेधशाळेत शिरण्याआधी मोबाइल, किल्ल्या, घड्याळे आणि कमरेचे पट्टे बाहेर ठेवावे लागले. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्रॅम येणार हे ठरल्यावर, त्यांच्या प्रवाहाने सूक्ष्म मापने बिघडतील हे ओळखून तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली आणि १९०४ मध्ये येथे काम सुरू झाले. जुनी जागा एकदम बंद केली नाही; दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप केले, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे आकडे जोडता यावेत. इमारतीसाठी पोरबंदरचा दगड समुद्रमार्गे आणला. येथे पाऊल टाकाल तिथे बेसॉल्ट असताना बाहेरून दगड का, हे मी मुलांना विचारले, आणि कराडच्या पेट्या पाहिलेल्या मुलांनी ते लगेच सांगितले : बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असते, त्याच्या भिंती स्वतःच चुंबक ठरतील.

येथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला (हे त्या क्षेत्राच्या मापनाचे एकक) आहे आणि रोजचा त्याचा बदल सहसा शंभर नॅनोटेस्लांच्या आतला. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाब्याला तो जवळजवळ १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळला. सूर्यावरील प्रचंड स्फोटानंतर आलेले ते वादळ होते. कुलाब्याच्या निरीक्षकांनी ते डोळ्यांनी वाचून, हाताने, वादळाच्या काळात नेहमीपेक्षा दाट अंतराने लिहून ठेवले. त्यांना त्याचे कारण ठाऊक नव्हते. आकडा अविश्वसनीय आहे म्हणून तो त्यांनी गाळला नाही. २००३ मध्ये, म्हणजे १४४ वर्षांनी, नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्या नोंदींवरून त्या वादळाचा जोर काढला.

नळाचे आकडे खोडणारा मुलगा शेजारी उभा होता. त्याने विचारले, “त्या दिवशी पाळीवर कोण होते, मॅडम?” मला ते सांगता आले नाही.

वेधशाळेतही आगाऊ परवानगी हवी. लोखंडी खिळ्यांचे बूट चालत नाहीत. समोरचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी पाहता येतो, म्हणून भरतीच्या वेळा आधी पाहाव्यात.

परत आल्यावर फील्डबुके तपासायला आठवडा गेला. श्रेयांकांपैकी निम्मे गुण मी त्या वह्यांनाच देते आणि या वर्षी एकाही वहीत गिरवलेला आकडा नव्हता. वाडीचा आलेख, दोन्ही शक्य रचना शेजारी शेजारी काढून, मराठीत लिहून मामांना पाठवला. परवा त्यांचा फोन आला. एप्रिलमध्ये विहिरीत पाणी तळाला गेले की पोकलेन लावणार आहेत. “पाषाण कितीवर लागतो ते बघाया पोरांना घेऊन या,” ते म्हणाले. परीक्षेच्या वेळापत्रकात मधे तीन दिवसांची सुटी आहे. मुलांनी ती तारीख आधीच मागून घेतली आहे, आणि वहीतल्या त्या पानावर सोळा आणि बावीस या दोन आकड्यांखाली तिसऱ्यासाठी जागा सोडली आहे.